सेफ्टी म्हणे!

आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी सायकल दाराबाहेर आडवी टाकून घरात शिरले आणि जाहीर केलं, की आजपासून साधा फुटबॉल बंद, आता अमेरिकन फुटबॉल. आम्ही राहतो डचांच्या देशात, त्यामुळे हे अर्थातच डच आणि इंग्रजीच्या मिसळीत. मराठी त्याला सगळी कळते, अगदी मी फोनवर बहिणीशी कुजबुजते तीसुद्धा कळते. पण बोलायची वेळ आली की ‘आई’ आणि ‘बाबा’ हे दोन शब्द सोडले तर बाकी सगळा परदेश.

मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच हातात ठेवून म्हटलं, “त्या खेळात माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मी पाहिलंय टीव्हीवर. तू त्यात कुठे उभा राहणार?”

“सेफ्टी,” तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. त्याला कारण होतं. माझे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात शिट्टी, आणि दिवसभर काम एकच: दुसऱ्यांवर ओरडायचं. “हातमोजे कुठायत? त्या पट्ट्याखालून जाऊ नका!” त्या कारखान्यात लोकांची बोटं गेली, पाय मोडले, पण आमच्या अप्पांना कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. मला वाटलं, नातू आजोबांवर गेला. नवऱ्याला विचारलं, तर तो पडला क्रिकेटवाला. म्हणाला, “असेल गं काहीतरी अंपायरसारखं.” दोघांनीही आनंदाने परवानगी दिली.

त्या वर्षी बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या वस्तीत एका मैत्रिणीकडे गणपतीच्या आरतीला जमलो होतो, तिथे मी सगळ्यांना सांगत सुटले. “खेळत नाही हो तो तसा. सेफ्टी बघतो.” एक बाई मान डोलवत म्हणाल्या, “बरंय ना, जबाबदारीचं काम.” मी आणखी एक मोदक घेतला.

पहिली मॅच बघायला आम्ही थर्मास आणि चिवडा घेऊन गेलो. आपला पोरगा सगळ्यांच्या मागे, एकटाच, ऐसपैस जागेत उभा दिसला. पुढे बाकीचे दांडगे एकमेकांना ढुशा देत होते आणि हा मागे गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बघत होता. वा! मी चहा ओतला. तेवढ्यात समोरच्या संघातला एक रेडा चेंडू काखेत मारून त्या गर्दीतून सुटला. एक चुकला, दुसरा पडला, तिसऱ्याच्या हाताला लागला नाही. आणि आमचं कार्टं, पळून बाजूला व्हायचं सोडून, सरळ त्याच्यावर धावत निघालं. जो आवाज झाला तो आठवला की आजही माझ्या दाढा शिवशिवतात.

मी थर्माससकट मैदानाकडे निघाले. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे डच गृहस्थ बसले होते, त्यांनी माझी बाही धरली. “बसा, बाई. उठतोय तो.” आणि खरंच उठला, हेल्मेटमध्ये अडकलेलं गवत उपसत. मी त्या आजोबांना म्हटलं, “पण तो तर सेफ्टी आहे ना?” ते म्हणाले, “म्हणूनच. बाकी सगळे चुकले की फक्त तो उरतो. त्याच्यामागे कुणी नसतं.” मग मला त्यांनी निवांतपणे सगळा खेळ समजावून सांगितला, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. सेफ्टी म्हणे! डोंबलाची सेफ्टी! घरी येताना गाडीत मी त्याला इतकी बोलले, इतकी बोलले, की नवऱ्याने आमच्या गावाचं, नीउ-व्हेनेपचं, वळण चुकवलं.

बंद मात्र करता आलं नाही. दोन वर्षं हट्टाने खेळला, आणि मग इथली मुलं अठरा वर्षांची झाली की त्यांचं अंग त्यांचं. त्यात तो खरोखरच चांगला खेळत होता. जर्मन सीमेजवळच्या नायमेखनला शिकायला गेला आणि तिथून सीमेपलीकडच्या एका जर्मन संघाने त्याला चक्क पगारावर घेतलं. माझ्या पोटी पगारी धडकणारा जन्माला आला, हे मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नोकरी पर्मनंट आहे का?”

पर्मनंट कसली! पहिल्याच वर्षी सीझनच्या ऐन मध्यावर खांदा निखळला. दुसऱ्या वर्षी मांडीचा मागचा स्नायू फाटला. बरा झाला, परत खेळायला गेला, परत तोच फाटला. आणि तिसऱ्या वर्षी, दुष्काळात तेरावा महिना, गुडघा. तोही मॅचमध्ये नाही, सरावात. कोणी धक्का दिला नाही, कोणी अंगावर आलं नाही. हा वळला आणि गुडघा वळला नाही, एवढंच. आतला लिगामेंट तुटला, ऑपरेशन करावं लागलं. संघाने करार थांबवला आणि पोरगं कुबड्या घेऊन आमच्याकडे राहायला आलं.

इथल्या घरांचे जिने कसले असतात ते इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. शिडी म्हणायला हरकत नाही. त्यामुळे त्याचा पलंग खाली बैठकीच्या खोलीत आला, टीव्हीसमोर. चिंचवडहून आईचं फर्मान आलं: दृष्ट काढ. तीन वर्षांत तीन दुखण्यांना माझ्याकडेही दुसरं उत्तर नव्हतं, म्हणून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठायच्या आत छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. नवरा टॉवेल फडकावतोय, मी खोकतेय, चिरंजीव एका पायावर उड्या मारत बागेचं दार उघडतोय, आणि दाराच्या पलीकडे शेजारीण विचारतेय, “काय शिजवताय?” मी म्हटलं, “औषध.” त्यावर पोरगा जमिनीवर बसून इतका हसला, की ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तो हसलेला मी पाहिला. दृष्ट उतरली असेल तर त्या हसण्यानेच.

खरं सांगू? ते महिने फार छान गेले. मी शेजारच्या हूफ्डडॉर्प गावातल्या एका पाळणाघरात काम करते. नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा इथे कुणी मला विचारत नव्हतं. भाषा शिकले, परीक्षा दिली आणि आता दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळते. त्यामुळे संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःचं, सहा फुटी का होईना, लेकरू पलंगावर सापडतंय याचं मला कोण अप्रूप! थालीपीठ करायचं, लोण्याचा गोळा ठेवायचा आणि त्याच्या शेजारी बसायचं. तो आपल्या जुन्या मॅचेस लावून बघत असायचा. एकच चेंडू दहादा मागेपुढे.

“काय बघतोस रे एवढं?”

“डोळे,” तो म्हणाला. चेंडू फेकणारा असतो तो क्वार्टरबॅक. त्याने चेंडू कुठे फेकायचा ते ठरवलं, की फेकायच्या आधी डोळे तिकडे जातात. सेफ्टीचं अर्धं काम म्हणजे ते डोळे वाचणं आणि चेंडूच्या आधी तिथे पोचणं.

हे मला एकदम कळलं. आमच्याकडे पाळणाघरात दोन वर्षांचं एक ध्यान दुसऱ्याची बाहुली ओढायच्या आधी असंच तिरकं बघतं आणि मी त्याच्या आधी पोचते. मी थालीपीठ मोडता मोडता बघू लागले. “हा डावीकडे टाकणार.” टाकला. “हा नुसताच फसवतोय.” फसवलं. पोरगा माझ्याकडे वळून बघायला लागला. त्यानंतर रोज संध्याकाळी आमची शिकवणी सुरू झाली. नवरा आमच्यामागे उभा राहून “पळ! पळ ना!” असं टीव्हीला ओरडायचा, उंटावरून शेळ्या हाकणं त्याला क्रिकेटपासूनच जमतं.

मग सर्जनकडे शेवटची तपासणी झाली. घरी आल्यावर चहा झाला आणि त्याने आम्हाला सांगितलं. गुडघा बरा आहे. खेळता येईल. पण तोच गुडघा पुन्हा गेला, तर धावणं कायमचं विसरायचं. सर्जन म्हणाले होते, तुझा गुडघा आहे, तूच ठरव. इथले डॉक्टर असेच, एक पाऊल पुढे नाही की मागे नाही. आणि सीमेपलीकडच्या संघाने विचारलं होतं, येतोस का, एकाच सीझनसाठी.

नवरा एरवी गरीब माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. “पुरे झालं आता. डिग्री आहे हातात. नायमेखनला कॉम्प्युटर चिपच्या कंपन्या माणसं शोधत फिरतायत. आणि तू गुडघा फोडून घ्यायला निघालास?”

पोराने कप खाली ठेवला. मग इंग्रजीत, पण अगदी हळू, म्हणाला, “बाबा, माझा एकही सीझन पुरा झालेला नाही. एकही. दर वर्षी शेवटची मॅच मी बाहेर बसून बघितलीय. मला थांबायचंय, पण मॅच संपवून थांबायचंय. दवाखान्यात नाही.”

नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्याची खात्री होती मी कुणाच्या बाजूने बोलणार याची, माझीही होती. मला तर तो खेळ सुरू झाल्या दिवसापासून बंद व्हायला हवा होता, त्यासाठी मी किती देवांना साकडं घातलं होतं ते देवांनाच ठाऊक. आणि तरी तोंडातून निघालं, “जाऊ दे त्याला. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये.”

“अगं, तू बोलतेस हे?”

“हो, मी बोलतेय. आणि गप्प बस आता.”

तो उन्हाळा म्हणजे जीव टांगणीला. घरची मॅच असली की आम्ही रविवारी सकाळी निघायचो, नायमेखनला थांबायचो, तिथून सीमा ओलांडून मैदानावर. मी माझी ठरलेली खुर्ची धरायची आणि त्याचा डावा गुडघा सोडून दुसरं काही बघायचं नाही असं ठरवायची. ते मात्र जमायचं नाही, कारण तोवर मला क्वार्टरबॅकचे डोळे दिसायला लागलेले असायचे. बाहेरगावची मॅच असली की मी फोन समोर ठेवून मटार सोलत बसायची. त्याचा मेसेज यायचा, नुसता एक अंगठा. अंगठा आला की मटार फ्रीजमध्ये. एकदा अंगठ्याऐवजी फोटो आला, दोन बोटं एकमेकांना चिकटपट्टीने बांधलेली. मी किंचाळून फोन लावला तर म्हणतो, “आई, बोट ही इजा नव्हे.” ऐका!

शेवटच्या मॅचला पाऊस भुरभुरत होता. आमचा संघ मागे पडला होता, जिंकायची काही आशा नव्हती, लोक उठून जायला लागले होते. मला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. घड्याळात थोडीच मिनिटं उरली होती आणि पोरगं दोन पायांवर उभं होतं. आता नुसतं उभं राहा बाबा, मी मनात म्हणत होते, मागेच उभा राहा. आणि तेवढ्यात समोरच्या क्वार्टरबॅकने डावीकडे बघितलं. मान डावीकडे, पण डोळे नाहीत. मी खुर्चीवरून उठून बोंबलले, “उजवीकडे! अरे, फसवतोय तो! उजवीकडे जा!” मराठीत. आजूबाजूचे जर्मन दचकले. त्याला काय ऐकू येणार एवढ्या लांबून, पण तो आधीच उजवीकडे निघाला होता. चेंडू झेलणारा गडी सुटला, त्याच्यासमोर आता आमच्या पोराशिवाय कुणी नव्हतं. दोघे आदळले, दोघे पडले. गडी उठला. मग आमचा उठला. दोन्ही पायांवर. लंगडत नव्हता. त्याने त्या गड्याच्या पाठीवर थाप मारली आणि परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. नवरा माझ्या शेजारी ढसाढसा रडत होता.

मॅच हरले. हरले तर हरले. आम्ही तिघे नायमेखनला परतलो आणि नदीकाठी एका बाकावर बटाट्याचे तळलेले काप खात बसलो. पाऊस थांबला होता. त्याच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी सगळा शाबूत. समोरून मालाच्या होड्या जात होत्या. त्याने शेवटचा काप मेयोनेजमध्ये बुडवला आणि म्हणाला, “झालं. मी संघाला सांगून आलो. पुढच्या महिन्यात नोकरी सुरू करतोय.” इतक्या शांतपणे म्हणाला, पोट भरलेला माणूस पानावरून उठतो तसा. नवऱ्याने त्याला जवळ ओढून घेतलं. “शाब्बास,” म्हणाला.

मला आनंद व्हायला हवा होता. एवढ्या वर्षांत मी दुसरं मागितलंच काय होतं? पण माझा पारा एकदम चढला. “झालं म्हणजे काय? थांबतोस? आत्ता? अरे, आत्ता कुठे तुझा गुडघा धड झालाय! आत्ता कुठे मला तो खेळ कळायला लागलाय!”

दोघं माझ्या तोंडाकडे बघून हसत सुटले. बापलेक एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत होते. मला मात्र काही केल्या हसू येईना. पुढच्या रविवारी सकाळी उठून मी करायचं काय, हेच मला समजत नव्हतं.