चालू सर्व्हरमधली रॅम
परवा जुन्या संगणकाचं झाकण उघडलं, तापलेल्या धुळीचा वास आला आणि चिकलठाण्याच्या औषध कारखान्यातली ती दुपार आठवली. तिथली औषधाची टाकी चालवणाऱ्या सर्व्हरमधली रॅमची एक पट्टी बिघडत चालली होती, पण सर्व्हर बंद केला असता तर टाकीत तयार होत आलेलं औषध फेकून द्यावं लागलं असतं. यंत्र चालू असतानाच पट्टी काढायची सोय त्यात होती. पट्टीतली माहिती आधी दुसऱ्या पट्ट्यांवर हलवणारा, कर्नलमधला म्हणजे यंत्राच्या मूळ प्रणालीतला भाग मी लिहिला होता, मात्र खऱ्या कामावर तो कधी चालला नव्हता. "मॅडम, बंद न करता निघंल का?" कारखान्याच्या साहेबांनी विचारलं. "निघंल," मी म्हणाले आणि कमांड दिली. माहितीचा शेवटचा तुकडा बराच वेळ अडून बसला, मग तोही हलला आणि पट्टी रिकामी झाल्याचं पडद्यावर उमटलं. मी ती ओढून काढली, तरी पंख्यांची घरघर तशीच चालू राहिली. तेवढ्यात टाकीवरच्या ऑपरेटरनं दारातून विचारलं, "कधी काढणार हाय? आम्ही टाकीवर नजर ठेवून कवाचं थांबलोय." साहेब हसले, "काढली की." पुढं पुष्कळ कौतुक वाट्याला आलं, पण ऑपरेटरच्या त्या प्रश्नाएवढी मोठी दाद माझ्या कामाला अजून कुणी दिलेली नाही.