कोटाला खिसा

दर्यापुरात कीटकनाशकाच्या फवारणीचा कोट घ्यायचा तर शहाजादीकडून, असं आता लहान पोरही सांगेल. तिचे वडील अब्दुल सत्तार हे गावातले मुरलेले शिंपी. त्यांनी पोरीच्या हाती मशीन दिली, जिभेला लगाम मात्र दिला नाही. लग्न होऊन ती अकोल्याला गेली आणि चार-पाच वर्षांत परत आली. का आली, हे कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याच्या कपड्याचं माप ती हमखास चुकवते असा बोलबाला होता. तिला सगळे आपा म्हणत, आणि जरा जपूनच म्हणत.

कोट तिनं स्वतःच्या डोक्यानं काढला होता. बाजारात प्लास्टिकचे कोट मिळत, पण भाद्रपदाच्या उन्हात त्यांत माणूस वाफेवर शिजायचा आणि दुसऱ्या पंपाला कोट बांधावर फेकून उघड्या अंगानं फवारायचा. शहाजादीनं अकोल्याच्या हातमागवाल्याकडून जाड सुती कापड आणलं. छाती, पाठ आणि मांड्या एवढ्याच जागी आतून पाणी न झिरपणारं अस्तर लावलं. झिजला तेवढाच तुकडा बदलायचा, उरलेल्या चिंध्यांचे तोंडाचे मास्क करायचे. इथलाच कापूस इथल्याच माणसाच्या अंगावर, याचा तिला भारी तोरा होता.

अमरावतीला राजापेठेत, फवारणीतल्या विषबाधेबद्दल गावोगाव सांगणाऱ्या चारुता मॅडमचं शिबिर झालं, तिथं ती आणि तिच्याकडे कामाला असलेली पार्वताबाई दोघी गेल्या होत्या. मॅडमनी कोटाची तोंडभर तारीफ केली आणि एकच बजावलं: याला खिसा लावायचा नाही. खिसा आला की त्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा आला. औषधाचा हात खिशात जाणार, खिशातून तोंडात जाणार, मग कोट असून काय उपयोग?

पटण्यासारखंच होतं. पण गिऱ्हाइकाला कोण पटवणार? वऱ्हाडातला माणूस एक वेळ जेवण सोडेल, खर्रा सोडायचा नाही. लोक येत, कापड चाचपत, कोट अंगावर चढवत आणि छातीवर हात फिरवून विचारत, खिसा कुठं आहे? एक जण तर हसत म्हणाला, "आपा, बिनाखिशाचं तं कफन रायते." बाकीचे खो-खो हसले. कोटांची थप्पी तशीच पडून राहिली आणि शहाजादीला ते हसणं झोंबत राहिलं.

एका सकाळी तिनं छातीवरचे खिसे कापून पार्वताबाईपुढे टाकले. पार्वताबाईनं मॅडमचं नाव काढलं. शहाजादी तुटून पडली, की मॅडमला कोट विकायचे नाहीत, आपल्याला विकायचे आहेत, तू शिव. पार्वताबाईनं मान खाली घालून शिवले. थप्पी बघता बघता संपली. पुढे मॅडम पाहणीला आल्या तेव्हा खिशाचे कोट आतल्या खोलीत गेले आणि बिनाखिशाचे तेवढे बाहेर लटकले. मॅडमनी फोटो काढले. शहाजादी हसली खरी, पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

त्याच हंगामात पार्वताबाईचा नवरा पंजाबराव कपाशीत फवारता फवारता कोसळला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. त्याला जीपमध्ये घालून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, शहाजादी सोबत गेली. नर्सनं अंगावरचा कोट उतरवून तिच्याच हातात दिला. तिनं सवयीनं खिसा चाचपला. आत अर्धी संपलेली खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी होती, ओली, औषधाच्या वासाची. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

डॉक्टर विचारत होते, पोटात काही गेलंय का, फवारताना यानं काही खाल्लं का, तसं असेल तर पोट धुवावं लागेल. पार्वताबाई गळ्याची शपथ घेऊन सांगत होती, की काही नाही साहेब, कोट घातला होता, तोंड बांधलं होतं. शहाजादी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तिची जीभ, जिला कधी लगाम नव्हता, टाळूला चिकटून बसली. तिला स्वतःची किळस आली.

पंजाबराव वाचला. पण पंधरवडा काढून आला तो अर्धाच होऊन. हात कापायचे, घोटभर चहा सांडायचा. गावानं मात्र निकाल देऊन टाकला, की शहाजादीच्या कोटानं माणूस वाचवला. कोटाची मागणी दुप्पट झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही अशी. लोक कौतुक करत तेव्हा शहाजादीला वाटे, कोणी तोंडावर थुंकलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी पार्वताबाई कामावर परतली आणि खिशांचा गठ्ठा पुढं ओढून बसली, तेव्हा शहाजादीला राहवलं नाही.

"नको शिवू ते," ती म्हणाली. "खिशानंच झालं पार्वता. मी लावले."

पार्वताबाई मशीन चालवतच म्हणाली, "मले मालूम हाय आपा. घरी आल्यावर त्यानं सांगतलं. खर्रा त्यानं खाल्ला, तुमी थोडीच चारला."

शहाजादीच्या छातीवरचा दगड उतरला. डोळे भरून आले, आणि त्या सुटकेच्या भरात ती मोकळी होत गेली. म्हणाली, मी तर ती पन्नी पाहूनच समजली होती, माझ्याच हातानं फेकली.

मशीन थांबली. "कवा?"

"दवाखान्यात."

"डॉक्टर इचारून राहिले होते तवा?"

"त्याच्या आंधी."

पार्वताबाईनं खिसे बाजूला सारले. "मी शपत घेऊन खोटं बोलली आपा. मले मालूम नोतं. तुमाले होतं." ती उठली, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरली.

दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. पंजाबरावला वाचवलं तसला कोट द्या, म्हणत होती. शहाजादी त्यांच्यापुढे आली.

"त्या कोटानं त्याले वाचवलं नाई," ती मोठ्यानं म्हणाली. "त्यानंच पाडलं. अन् मी गप बसली."

पार्वताबाई तोवर बस स्टँडच्या रस्त्याला लागली होती, हाकेच्या पलीकडं.