सरासरी सर

शाळेतली मुलं त्यांना पाठीमागे ‘सरासरी सर’ म्हणत, आणि ही पदवी त्यांनी स्वकष्टाने कमावली होती. आधी ते दारोदार पाण्याचे फिल्टर विकत, मग विमा विकू लागले. दोन्हीकडे माणसाला घाबरवायची कला तेवढी हाताला लागली. मेव्हणा शाळेच्या कार्यकारिणीवर आला आणि हे एकदम ‘परीक्षा मार्गदर्शक’ झाले. जिन्याखालची खोली मिळाली, दारावर पाटी लागली, आणि खोलीतल्या एकुलत्या एक पंख्याचं तोंड त्यांनी स्वतःकडे वळवून घेतलं.

त्या खोलीत सहावीतल्या एका मुलीची आई घाम पुसत बसली होती. बाहेरच्या संस्थेने घेतलेल्या चाचणीचा निकाल सरांच्या पुढ्यात होता.

“वाचनात गडबड आहे, ताई. सरासरी पंचवीस पूर्णांक सात. उद्यापासून तिचं वाचन मंडळ बंद, जादा वर्ग सुरू.”

औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा न सोडणारी पोरगी, तिला पंचवीस? आईने कागद स्वतःकडे ओढला. पर्सेंटाइल चौसष्ट. एक ते नऊमधली श्रेणी सहा. इयत्ता-पातळी सात पूर्णांक एक. पंचवीस कुठेच नव्हतं.

“हे पंचवीस कुठून आणलं, सर?”

“आणलं नाही, काढलं! तिन्हींची बेरीज, भागिले तीन. छापणाऱ्यांनी सरासरी द्यायचीच राहून गेली बघा.”

उंची, वजन आणि चपलेचा नंबर एकत्र करून मुलीची तब्येत सांगणारा माणूस आईला आजवर भेटला नव्हता.

“अहो, चौसष्ट पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. शंभरातली चौसष्ट मुलं तिच्या मागे आहेत. सहा म्हणजे मधल्यांपेक्षा जरा वर. आणि सात पूर्णांक एक म्हणजे सातवीच्या सुरुवातीचं साधारण मूल ही चाचणी जशी सोडवेल, तशी हिने सोडवली. यांची बेरीज होतेच कशी?”

“ताई, आकडा तो आकडाच.”

“मग शाळेत पहिली आली तिची किती काढलीत?”

“एकोणचाळीस,” सरांनी सुस्कारा टाकला. “चाळीसच्या पुढे एकही नाही हो! पिढीच कच्ची. सगळ्यांनाच जादा वर्गात घातलं असतं, पण खोल्या पुरत नाहीत. म्हणून तिसाच्या खालचीच घेतली.”

सगळी शाळा चाळीसच्या आत अडकली होती, तरी या गृहस्थाला स्वतःच्या भागाकाराची शंका आली नव्हती. आली असती तर खोली गेली असती.

आई तडक मुख्याध्यापिकेकडे गेली. बाईंनी कागद पाहिला, कपाळाला हात लावला, पण मेव्हण्याचं नाव काही तोंडातून काढलं नाही. “तुमच्या मुलीचं नाव यादीतून काढते. बाकीचं जरा सबुरीने घेऊ,” एवढंच म्हणाल्या.

मुलगी वाचन मंडळात राहिली. सरांनी मात्र तिला जिन्यात गाठून खांद्यावर थोपटलं. “आईच्या शब्दाखातर सूट दिलीय हं तुला. आता मेहनत कर.”

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “काय गं, सुटलीस ना जादा वर्गातून?”

“सुटले,” ती पुस्तक न उघडताच म्हणाली. “तशी मी पंचवीसवालीच आहे. आईने भांडून बाहेर काढलं.”