'हेही पाहा'वाल्या काकू

घरोघरी इंटरनेट नव्हतं तेव्हा गंगापूर रोडवरच्या सायबर कॅफेत आम्ही सगळे अत्यंत महत्त्वाच्या कामाला जायचो, म्हणजे चॅटिंगला. माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर मात्र एक काकू बसायच्या. पायाशी मेथीची पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा आणि समोर एका फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं मॅन्युअल. त्यातल्या प्रत्येक पानाखाली 'हेही पाहा' म्हणून दुसऱ्या पानांची नावं असायची. ती पानं खरोखर आहेत का, हे काकू एकेक उघडून बघायच्या आणि चूक सापडली की ते मॅन्युअल लिहिणाऱ्या परदेशातल्या मंडळींना ई-मेल करायच्या. जगावरचं केवढं मोठं संकट टळत होतं!

"काकू, ही पानं वाचतं तरी कोण?" मी एकदा विचारलं.

"अडलेला माणूस वाचतो रे. त्याला नसलेल्या दारात कशाला पाठवायचं?"

एका लांबलचक पानावर तर त्यांनी अख्खा पावसाळा घालवला. सगळ्या चुका दुरुस्त केल्याचं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी कॅफेभर पेढे वाटले. पुढच्या आवृत्तीत त्या गुणी मंडळींनी ते पानच काढून टाकलं.

काकूंनी ते पान पुन्हा एकदा शोधून पाहिलं. चला, सुटली बाई एकदाची, असं मनात म्हणत मी शक्य तेवढ्या दुःखी आवाजात विचारलं, "मग आता?"

त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"आता काय? बाकीची पानं अजून लोकांना ह्या नसलेल्या पानाकडेच पाठवत असतील ना," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.