नसबंदीचं पथ्य

चहा गार झाला तरी चालेल, पण आधी हे ऐका. भर दवाखान्यात मी स्वतःचं असं हसं करून घेतलंय, की विश्रांतवाडीच्या त्या गल्लीतून जाताना अजून पदर पुढं ओढते. मी! जी कुणाच्या बापाला भीत नाही!

माझी दोन्ही बाळंतपणं पोट फाडून झाली. दोन्ही मुली. सासूबाईंना नातू हवा होता. मी यांना स्पष्ट सांगितलं, "आता टेबलावर तुम्ही झोपा. मी नाही!"

सासूबाईंनी ऊर बडवला. "अगं, माझ्या लेकाची ताकद जाईल! त्या हिंजवडीच्या कंपनीची एवढी मोठी बस कसा चालवेल तो?"

"बस डिझेलवर चालते, सासूबाई!"

झाली नसबंदी. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने सांभाळा, मग वीर्य तपासून घ्या. रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत ऑपरेशन झालंच नाही असं समजा." ते पुढंही काही सांगत होते. पण ऑपरेशन म्हटलं की पथ्य आलंच, हे काय मला शिकवायला हवं? "पाळणार!" म्हटलं आणि रिक्षा बघायला उठले.

आणि पाळलं म्हणजे कसं! वांगं बंद, लोणचं बंद, यांची गादी थेट गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली. बिचारे रात्री दारातून म्हणायचे, "अगं, डॉक्टर म्हणाले होते की..."

"काही ऐकायचं नाही मला. झोपा!"

तीन महिन्यांनी तपासणी केली. शुक्रजंतू आहेतच!

सासूबाईंचा चेहरा असा उजळला! "देवाच्याच मनात नातू आहे, त्याला तू काय करणार?"

माझं डोकं फिरलं. यांना घेऊन तडक दवाखान्यात. बाहेर बाकं भरलेली, दार सताड उघडं.

"काय कापलंत हो तुम्ही, डॉक्टर? पथ्यात तर मी काडीची कसूर केली नाही! तीन महिने या माणसाला जवळ फिरकू दिलं नाही!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो ताई, टाकीचा वॉल्व्ह बंद केला तरी पुढच्या पाइपात पाणी राहतंच ना? नळ सोडल्याशिवाय ते जाणार कुठं? निरोध वापरून संसार करा म्हटलं होतं. वनवासाला धाडा, असं नव्हतं म्हटलं."

बाहेरची बाकं हसायला लागली. एक आजी तर सलाईनची सुई लावलेल्या हातानं तोंड दाबून हसत होत्या!

मी यांच्यावर उलटले. "तुम्हाला माहीत होतं?"

"तू उठून गेल्यावर सांगितलं त्यांनी."

"मग बोलला का नाहीत?"

यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांपुढं हात जोडले. "साहेब, हे जरा कागदावर लिहून द्या. माझं तोंडी घरात चालत नाही."

आणि दिलं हो त्या मेल्यानं लिहून! सहीशिक्क्यासकट!

हसा, हसा! पण पुढचा रिपोर्ट स्वच्छ आला. येणारच! पथ्य पाळायचं म्हटलं की मी हयगय करत नाही.