घोडेबाबाचा हरभरा

आमच्या संत्र्याच्या बगिच्यात, बोरगावच्या रस्त्याकडच्या बांधावर, कमरेइतका उंच चौकोनी दगड आहे. घरात त्याला घोडेबाबा म्हणतात. मी लग्न होऊन पांढुर्ण्याहून आले, तेव्हा पहिल्याच शनिवारी सासूबाईंनी मला त्याच्यापुढे नेऊन उभं केलं. जामसांवलीच्या मारुतीच्या देवळातून आणलेला शेंदूर तेलात कालवायच्या, दगडाच्या एका अंगाला फासायच्या आणि पायाशी मूठभर भिजवलेला हरभरा ठेवायच्या. नारळ नाही, साखर नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, "माह्या सासूनं सांगतलं, तसं करून राहिली मी."

मी सौंसरच्या शाळेत इतिहास शिकवते. त्यामुळे मला सगळं कळतं, असं बरीच वर्षं माझं मत होतं. हा दगड दिसला की मी मनात हसायचे.

मागच्या उन्हाळ्यात शेंदराचा थर कडेला तडकला आणि खालून इंग्रजी अक्षरं डोकावली. त्यातला 'घोडदळ' या अर्थाचा एकच शब्द मला लागला. झालं, मला राहवेना. नागपूरला एक निवृत्त फौजी अधिकारी जुन्या रणांगणांचा शोध घेत फिरतात, असं ऐकलं होतं. त्यांना मी फोटो पाठवले, घरात कोणाला न विचारता. आठच दिवसांत त्यांचा फोन आला. जुन्या लढाईत कामी आलेल्या एका घोडदळाच्या रेजिमेंटचं ते स्मारक होतं आणि कित्येक वर्षं हे अधिकारी त्याच्या मागावर होते. रविवारी येतो म्हणाले. तोवर दगडाला कोणीही हात लावू नका, असंही बजावलं.

मी फुशारकीने हे जेवताना सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"सरकारी दगड होय थो? अन् मी चाळीस वर्सं त्याले शेंदूर लावून राहिली?"

"तसं काही नाही, आत्याबाई."

"नेतीन ना वं थे त्याले?"

विकतचं दुखणं मीच घरात आणलं होतं. शनिवारी त्यांनी सवयीने हरभरा भिजवला, बांधापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. घोडेबाबाला ठेवल्याशिवाय त्या शनिवारी जेवत नाहीत. दिवसभर पाण्यावर राहिल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. बोलल्या असत्या तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

रविवारी अधिकारी आले. पांढऱ्या मिशा, हातात काठी, सोबत ड्रायव्हर. दगडाचं लाल अंग बघून ते थांबले. त्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या.

"म्याच लावला साहेब. सुनेचा काही दोष नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुन्हा माझा आणि पांघरूण त्यांचं.

अधिकाऱ्यांनी दगडाभोवती चक्कर मारली. उरलेल्या तीन बाजू ऊनपावसाने धुऊन कोऱ्या झाल्या होत्या. मग त्यांनी खिशातून लाकडाची चपटी पट्टी काढली आणि तडकलेल्या जागी हळूच घातली. भाकरीएवढा जाड थर अखंड सुटून त्यांच्या हातात आला. खाली अक्षरं काल कोरल्यासारखी स्वच्छ होती.

"माताजी," ते हिंदीत म्हणाले, "शेंदूर नसता तर ही बाजूही गेली असती."

त्यांनी मजकूर वाचला आणि मी तो मराठीत सांगितला. या जागी पडलेल्या घोडदळाच्या शिपायांसाठी, आणि त्यांच्या घोड्यांसाठी. ते कोणाकडून लढले, कोणाविरुद्ध लढले, हेही अधिकाऱ्यांनी समजावलं. सासूबाईंनी ते ऐकून सोडून दिलं.

पायाशी गेल्या आठवड्याचे दोन-चार वाळके दाणे पडले होते. अधिकाऱ्यांनी ते उचलून पाहिले. "हा चणा कोण ठेवतं?"

"मी. पन भिजवून ठेवतो नं. कोरडा ठेवाचा नाही, त्याचं पोट फुगते, असं माही सासू सांगे."

मी हे सांगणं कितीदा तरी ऐकलं होतं. दगडाचं पोट कसलं फुगतंय, म्हणून हसलेही होते. अधिकारी मात्र हसले नाहीत. फौजेत घोड्याला चणा भिजवूनच देतात, कोरड्याने त्याला पोटशूळ होतो, असं म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. या घरातल्या कोण्या एका बाईने त्या मेलेल्या घोड्यांसाठी हरभरा भिजवला असेल आणि मग सुनेमागून सुनेने तो भिजत ठेवला. इतिहासाची मास्तरीण तेवढी अडाणी राहिली.

शेवटी सासूबाईंनी विचारलंच, "मंग नेता काय याले?"

"नाही. जिथे घोडे पडले तिथेच राहील. फक्त शेंदूर आता मागच्या बाजूला लावा."

माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई तिथेच बांधावर बसल्या आणि त्यांनी मला पाणी मागितलं. किती दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या होत्या.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी त्या हरभऱ्याचा डबा घेऊन ओट्यापाशी नुसत्याच उभ्या होत्या.

"काय झालं?"

"इतक्या घोड्याइले मूठभर कसं पुरन वं?"

मी मोठं पातेलं काढून दिलं.