पितळेचं चाक आणि घाईतली गायिका

…आणि मग व्याहीबुवांनी माझ्याच भाषणाची कॅसेट टेपमध्ये घातली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "आता मध्ये एक शब्द बोलू नका. तुम्हीच बोलताय."

काल इथवर आलो होतो आणि कोणीतरी दार वाजवलं, गोष्ट तशीच राहिली. पण व्याही समजल्याशिवाय ती कॅसेट समजायची नाही. तेव्हा चार पावलं मागे जाऊन येऊ.

आमचे व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की आधी कोणी श्वास घ्यायचा हे ठरवावं लागतं. मागच्या दारानं थेट स्वयंपाकघर, त्यामुळे दुकानात तेलाचा वास आणि घरातही तेलाचाच, फक्त तेल वेगळं. भिंतीवर लाकडी खण, प्रत्येकावर शाईनं नाव घातलेलं: सुया, बॉबिन, स्प्रिंगा, पट्टे. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या खणावर, 'कशाचं ते आठवत नाही'. या खणावर व्याह्यांचा फार जीव. बाकीच्या खणांतून काम भागलं नाही की ते तिथे हात घालत आणि काहीतरी सापडेच.

बावीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक जुनं जपानी मशीन दुरुस्तीला आलं. मालकीणबाईंनी भंगारात काढलेलं. त्याच्या पायाशी जो लहान ड्रॉवर असतो, त्यात एक कॅसेट होती. वर जपानी अक्षरं, म्हणजे आम्हा दोघांनाही नक्षीच. आमच्या गावच्या शाळेत जगाचा नकाशा होता, पण त्याची उजवी कड वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे जपान म्हणून काही आहे याचा पुरावा मी पहिल्यांदा व्याह्यांच्या दुकानातच पाहिला.

त्यांनी ती कॅसेट फळीवरच्या टेपवर लावली. मी स्टुलावर होतो. आधी नुसतं टकटक टकटक. मला वाटलं कोणीतरी मशीन सुरू केलं. मग पाण्यातून बुडबुडे यावेत तसे सूर. आणि मग एक बाई. आवाज बारीक, धारदार, आणि गाण्याची घाई अशी की बाहेर गाडी सुटते आहे आणि आत गॅसवर दूध ठेवलं आहे. एक अक्षर कळेना. गाणं संपलं तेव्हा व्याह्यांच्या हातातला दोरा सुईच्या बाहेर तसाच लोंबत होता.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "ही बाई कोणावर चिडली आहे?"

"चिडलेली नाही हो," ते म्हणाले. "शिवतेय. ऐका ना, टाका कसा पडतोय."

त्या दिवसापासून माणूस गेला तो गेलाच. तिकडच्या आणखी कॅसेटी मिळवल्या, कुठून कुठून मागवल्या. विहीणबाई म्हणायच्या, "चाळीस वर्षं माझं बोलणं यांना कळत नाही, आणि त्या बाईचं न कळता सगळं कळतं."

पुढे सूनबाईनं त्यांना ब्लॉग काढून दिला. एका बोटानं टाइप करून त्यांनी पहिला लेख लिहिला, 'घाईतली गायिका'. खाली सही, 'बॉबिन'. पहिले दोन वाचक मी आणि सूनबाई. तिसरे एक दातांचे डॉक्टर निघाले, त्यांचाही याच गाण्यांवर ब्लॉग. मग आणखी लोक सापडत गेले. असे एकूण नऊ जण, आणि मतं सतरा. कोणता गायक आधी चांगला होता आणि मग बिघडला, कोणत्या रेकॉर्डवर कोणतं सिंथेसायझर वाजलं आहे, यावर रोज हमरीतुमरी. यंत्रातल्या ढोलाला हुंदका येतो की नाही, यावर एकदा दोन महिने वाद चालला. डॉक्टर म्हणत येतो, कारण त्यांनी स्वतः ऐकला आहे. दुसरा एक जण म्हणे, तो तुमच्या खुर्चीतला पेशंट असेल.

या सगळ्यांत व्याह्यांचा शब्द मोठा, कारण घाईतल्या गायिकेची कॅसेट फक्त त्यांच्याकडे होती. बाजारात ती कुठेच मिळत नव्हती. सगळ्यांनी जे गाणं ऐकलं ते व्याह्यांच्या टेपमधून उतरवून घेतलेलं. त्यावर व्याह्यांनी सदतीस लेख लिहिले. ती श्वास कुठे घेते, कुठे घ्यायचा राहून जातो, बिचारी एवढी घाईत का. शेवटी त्यांनी सिद्धांतच मांडला की तिकडचे सगळेच गायक घाईत असतात, कारण तिकडून आलेल्या सगळ्याच कॅसेटी तशा वाजतात. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर मोजून जाहीर केलं: मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके. हा आकडा त्या नऊ जणांत पाढ्यासारखा पाठ झाला.

आणि मग त्यांच्यातली सगळ्यात लहान, कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, तिची मावशी जपानहून आली. येताना मूळ रेकॉर्ड घेऊन आली, मोठी काळी तबकडी. मुलीनं ती ऐकली आणि ब्लॉगवर भीत भीत लिहिलं: "बॉबिनकाकांनी रागावू नये, पण माझ्या रेकॉर्डवर ही बाई अजिबात घाईत नाही. आरामात गाते. आवाजही चांगला भरदार आहे. ठोके एकशे अठरा."

झालं! घरात साप निघावा तसे आठ जण खुर्च्यांवर चढले. एकशे अठरा? डॉक्टरांनी लिहिलं की रेकॉर्ड बनावट आहे. दुसऱ्यानं लिहिलं, मुलीला लोकांचं लक्ष वेधून घ्यायचं आहे. तिसऱ्यानं तर रेकॉर्ड मावशीनं घरी केली असावी असं सुचवलं. आता रेकॉर्ड काय पापड आहे? नेमका येत्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत या मंडळींचा मेळावा ठरलेला. प्रमुख वक्ते बॉबिन, विषय घाईतली गायिका. डॉक्टरांनी जाहीर केलं की भाषणाआधी ती रेकॉर्ड सगळ्यांसमोर खोटी ठरवण्यात येईल.

मुलीनं त्यावर एकच ओळ लिहिली. "मी येते. रेकॉर्डही आणते."

ती ओळ व्याह्यांना टोचली. गुरुवारी सकाळी त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. समोर एका शिंपीणबाईंचं मशीन उघडं पडलेलं.

"आत्ता ही बाई सांगून गेली, दोरा खराब आहे, सारखा तुटतो," ते म्हणाले. "सगळे हेच सांगतात. दोरा वाईट, कापड वाईट, सुई वाईट. मी सगळ्यांना काय सांगतो?"

"आधी मशीन बघू," मी म्हटलं. हे वाक्य त्यांच्या गल्लीतल्या मांजरांनाही पाठ आहे.

"मग मी माझं मशीन कधी बघितलं?" त्यांनी फळीवरच्या टेपकडे बोट केलं. "ती मुलगी खोटं कशाला बोलेल हो? मला अशी कॅसेट हवी की जिची लांबी आपल्याला बाहेरून माहीत आहे."

ती कॅसेट आतल्या खोलीत होती. मुलांच्या लग्नात मी केलेलं भाषण, तिथल्या फोटोवाल्यानं त्याच्या मशीनवर भरलेलं. त्याची लांबी दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण विहीणबाईंनी तेव्हा घड्याळ लावून मोजली होती. पंचवीस मिनिटं. जेवण गार झाल्याचा राग त्यांनी चोवीस वर्षं ताजा ठेवला आहे.

तर तिथे आलो आपण. टेप सुरू झाली. आणि माझाच आवाज ऐकून मी पुन्हा शरमलो. लग्नानंतर याच दुकानात मी तो पहिल्यांदा ऐकला होता. चिरका, पिपाणीसारखा. तेव्हा मी म्हटलं होतं, "माझा आवाज असा आहे?" आणि व्याही म्हणाले होते, "आहेच तसा. स्वतःला ऐकू येत नाही एवढंच." तेव्हापासून मी चार लोकांत उभं राहून कविता म्हणायचं सोडलं. सोसायटीच्या कार्यक्रमात लोकांनी आग्रह केला की घसा धरून बसायचो.

भाषण संपलं. घड्याळात तेवीस मिनिटं.

"दोन मिनिटं कुठे गेली?" व्याही म्हणाले.

"तुम्ही कापलीत," मी म्हटलं.

स्वयंपाकघराच्या दारातून विहीणबाई म्हणाल्या, "कापायचंच असतं तर दोनच कशाला कापली असती?"

व्याह्यांनी टेप पालथी केली, चार स्क्रू काढले, झाकण उचललं. आत मोटरच्या दांड्यावर एक छोटं पितळेचं चाक चकाकत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

मूळचं प्लॅस्टिकचं चाक कधीतरी तडकलं होतं. व्याह्यांनी सवयीनं सगळ्यात खालच्या खणात हात घातला, त्यातून शिलाई मशीनच्या मोटरचं चाक निघालं, ते कानशीनं घासून बसवलं, टेप चालू झाली, विषय संपला. चाक मूळच्यापेक्षा केसभर मोठं होतं, म्हणून टेप तेवढी जास्त वेगानं पळायची. तेवढ्यानं सगळं जपान घाईत आलं, आणि त्यांच्याबरोबर मी.

"म्हणजे माझा आवाज बरा आहे?" मी विचारलं.

"व्याहीबुवा, तुमचं नंतर बघू," ते म्हणाले. "माझे सदतीस लेख या चाकावर आहेत."

विहीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तिघांनाच माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "चाक बदला आणि गप्प बसा. त्या डॉक्टरांनाच बोलू द्या. इतकी वर्षं लोक तुम्हाला मानतात, एका चाकासाठी सगळं घालवणार?"

व्याह्यांनी ते चाक बोटानं फिरवलं. म्हणाले, "आणि ती पोर तबकडी काखेत धरून उभी राहील, तेव्हा मी कुठे बघू?"

रविवारी मीही गेलो. वरची खोली, लोखंडी खुर्च्या, पंखा कुरकुरणारा. डॉक्टरांनी कागद काढून सुरुवातही केली होती. मुलगी पहिल्या रांगेत रेकॉर्ड छातीशी धरून बसलेली. व्याही उठले, "डॉक्टर, आधी मशीन बघू," म्हणाले, आणि टेबलावर टेप पालथी घालून सगळ्यांदेखत चार स्क्रू काढले. चाक दाखवलं. काय झालं ते सांगितलं, एकही वाक्य गुळगुळीत न करता. मग मुलीकडे वळून म्हणाले, "तुझी रेकॉर्ड खरी आहे. बनावट मी आहे. लाव."

रेकॉर्ड लागली. तीच बाई, पण आता पाय पसरून बसलेली, दूध उतू जायची काहीच चिंता नसलेली. सुंदर गात होती. खोलीत सगळे खाली बघत होते. गाणं संपल्यावर डॉक्टर मुलीजवळ गेले, "माफ कर हं," म्हणाले, आणि मग एवढंसं तोंड करून व्याह्यांना म्हणाले, "पण बॉबिन, मला ती घाईतलीच आवडते हो. आता मी काय करू?"

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मुलगी हसता हसता डोळे पुसत पुढे आली आणि तिनं विचारलं, "काका, मग ते चाक आता काढून टाकणार ना?"

व्याही झाकण बसवत होते. शेवटचा स्क्रू पिळून त्यांनी मान वर केली.

"काढलं होतं, पोरी. गुरुवारीच काढलं, आणि आज सकाळी परत बसवलं. ती बाई खोटी असेल, पण बावीस वर्षं माझ्या दुकानात माझ्याबरोबर राबली आहे. खरी आली म्हणून तिला दाराबाहेर कशी काढू?"